जांभळं बोट

वरकुट्याच्या आमच्या घरात स्वयंपाकघराला पूर्वेकडं एक लहान खिडकी होती, आणि त्या खिडकीत माझ्या शाईच्या बाटल्या असायच्या. सकाळचं ऊन आधी त्या बाटल्यांतून यायचं आणि मग आईच्या परातीत उतरायचं. आई भाकरीचं पीठ मळत असायची आणि पिठावरून एक निळा, एक तांबडा, एक हिरवा असे डाग अगदी सावकाश सरकत जायचे. मी चुलीपुढं बसून ते बघत राहायची. दूध उतू गेलं तरी मला पत्ता नसायचा.

"तुझ्या त्या बाटल्या उचल आधी," आई म्हणायची. "माझ्या पिठाला रंग लागतूय."

पण तिनं स्वतः त्या कधी हलवल्या नाहीत. एखादे दिवशी आभाळ भरून आलं आणि पिठावर रंग पडले नाहीत, तर तीच मान वर करून खिडकीकडं बघायची.

पन्नास साल नुकतं मागं पडलं होतं. मी सातवी पास झाले तेव्हा बारामतीच्या मामानं मला फौंटनपेन दिलं. गडद तांबडं, सोनेरी क्लिपचं. आमच्या गावात तोवर फौंटनपेन फक्त मास्तरांच्या खिशाला दिसायचं, त्यामुळं मी ते झंपरला अडकवून पाणवठ्यावर गेले तेव्हा बायकांनी मला बरंच छळलं. मी तोऱ्यात होते, मला काही वाटलं नाही.

पेनाबरोबर मामानं शाईच्या वड्या दिल्या होत्या. वडी पाण्यात टाकली की ती तळाशी बसते आणि तिच्यातून रंगाचा एक धागा वर यायला लागतो. तो धागा वळतो, फुटतो, पसरतो. हे बघण्यासाठी मी लिहायचं काही नसतानाही शाई करत असे. निळी झाली, मग तांबडी, मग हिरवी. वड्या संपल्या तेव्हा माझं डोकं दुसरीकडं चालायला लागलं, की रंग काय दुकानातच असतो का? परसात पारिजातकाचे केशरी देठ होते, कुंपणावर मायाळूची काळीभोर फळं होती, धुण्याची नीळ होती. मी सगळं उकळलं, वस्त्रगाळ केलं आणि बाटल्यांत भरलं. वस्त्र म्हणजे तात्यांचं जुनं धोतर. तात्या म्हणजे माझे वडील. त्यांच्या धोतराला रंगीत ठिपके दिसायला लागले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पोरी, निदान नवं धोतर सोड."

घरच्या शाईला दोन-चार दिवसांत बुरशी यायची आणि घाण वास सुटायचा. आईनं सुचवलं म्हणून मी बाटलीत लवंग टाकून बघितली. बुरशी थांबली, आणि शिवाय त्या शाईनं लिहिलेल्या कागदाला लवंगेचा वास यायला लागला. तो कागद मी नाकाशी धरून किती वेळ बसले होते कोण जाणे. अक्षराला वासही असू शकतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या दृष्टीनं जगात एक नवीनच दार उघडलं होतं.

मग वासाचं वेड लागलं. बारामतीच्या बाजारात एक अत्तरवाले बसायचे. लाकडी पेटी, तिच्यात चिमुकल्या कुप्या. गिऱ्हाईक असो नसो, येणाऱ्याच्या मनगटावर ते एक बोट फिरवायचेच. त्यांच्याकडून मोगऱ्याचं थेंबभर अत्तर आणलं आणि शाईत घातलं. अत्तर तेलकट, ते वर तरंगत राहिलं. पेनात भरल्यावर पेन दोन अक्षरं लिहायचं आणि तिसऱ्याला थुंकायचं. माझा सगळा मोगरा कागदावर डाग होऊन बसला आणि मला रडू आलं. पुढं मी आपली वाट शोधली. उन्हाळ्यात माठात वाळा टाकतात तसा मी वाळा रात्रभर पाण्यात ठेवला आणि त्या पाण्यात वडी विरघळवली. त्या शाईनं लिहिताना ओल्या मातीचा गार वास यायचा. भर चैत्रात, दुपारी, दार लोटून मी त्या शाईनं काहीबाही लिहीत बसायची आणि बाहेर ऊन आहे हे विसरून जायची.

पण सगळ्यांत लाडकी शाई जास्वंदीची. तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्या उकळायच्या, त्यात तुरटीचा खडा फिरवायचा, की जांभळा रंग उतरतो. तसा जांभळा मी कुठल्याच दुकानात बघितला नाही. तिच्यात मी मरव्याची पानं भिजवून काढायची, त्यामुळं तिचा वास देवघरासारखा यायचा. मात्र ही शाई मोठी लहरी. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, खारट. त्या पाण्यात केली की ती जांभळी न होता हिरवट व्हायची. सांगवीला मावशीकडं पाटाचं पाणी होतं, त्यात केली की सुरेख जांभळी. म्हणून मी सांगवीहून येताना पाण्याची बाटली आणायची. लोक माहेराहून, मावशीकडून लाडू आणतात, ही पोर पाणी आणते म्हणून एस्टीत सगळे हसायचे. मी बाटली मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत बसायची.

खार लागला की हिरवी आणि आंबट लागलं की गुलाबी, हेही मला असंच खेळता खेळता कळलं. त्याचा काही उपयोग असतो असं मला वाटलं नव्हतं. नुसती गंमत होती.

सातवीनंतर शाळा नव्हती. लग्नाचं बघायला लागले. माझं म्हणणं अगदी थोडकं होतं, पण ते ऐकून आईनं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, जिथं द्याल तिथं जाईन, पण त्या घरात दौत असली पाहिजे. शेत कमी असलं तरी चालेल, सासू खाष्ट असली तरी बघून घेईन. पण लिहिणाऱ्या माणसाच्या घरात जायचं. बाटल्या फेकून द्यायला लावणाऱ्या घरात मी मरून जाईन, असं मला खरंच वाटायचं.

"दौत असलेलं घर कुठं शोधू मी?" आई तात्यांना म्हणाली. "तलाठ्याला द्यायची का हिला?"

इंदापूरकडचं एक स्थळ आलं. बागाईत, भाजीपाला, बैलांच्या दोन जोड्या. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या असे तिघं, स्थळ सुचवणाऱ्या पाहुण्यांबरोबर, बघायला येणार होते. आत्या लहानपणीच विधवा होऊन भावाच्या घरी राहिलेली, घर तिच्या शब्दावर चालतं, असं कळलं होतं. मुलाच्या शिक्षणाबद्दल कुणी काही बोललं नाही, तेव्हाच मी मनातून ते स्थळ खोडून टाकलं.

बघायला आले की मुलीनं मान खाली घालून बसायचं. वर बघायचं नाही. त्यामुळं आमच्या वेळच्या पोरींनी नवरे असे बघितलेलेच नसत, त्यांनी बघितले ते नवऱ्यांचे पाय. मीही पाय बघितले. पायांना माती होती, धुऊन आले तरी नखांत राहिलेली. मग पोहे देताना ताटली धरणारा हात दिसला, आणि माझा हात तिथंच थांबला. त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला, पेन जिथं टेकतं अगदी तिथं, जांभळा डाग होता.

साधा डाग नव्हे. जुना, मुरलेला, नखाच्या कडेनं आत गेलेला. असा डाग एका दिवसात पडत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? माझ्या बोटांनाही तोच होता. आदल्या दिवशीच मी जास्वंद गाळली होती आणि आईनं नारळाच्या शेंडीनं घासूनही रंग निघाला नव्हता. मला वाटलं, हा माणूस रोज लिहितो. जांभळ्या शाईनं लिहितो. कुठून आणत असेल? स्वतः करतो का? ती बैठक, पोहे, माणसं सगळं कुठं तरी लांब गेलं. मला फक्त ते बोट दिसत होतं.

"सातवी पास म्हंता," मुलाचे वडील तात्यांना म्हणाले. "मग पोरीला दोन अक्षरं लिवून दावू द्या की. आमी न्हाय शिकलो, पर अक्षर बगाया आवडतं."

शिकलेल्या मुलीला तसं लिहायला लावायची तेव्हा पद्धतच होती. मी पेन आणायला आत गेले, मागोमाग आई आली आणि आम्हा दोघींची शाईवरून कुजबुज झाली. दुकानातली निळी-काळी आईला नको होती, शुभ कामात काळं कशाला म्हणून. तांबडी मला नको होती. तांबड्या शाईनं मास्तर चुका काढतात, आणि ही मंडळी तर आयतीच चुका काढायला आलेली. शेवटी मी जास्वंदीची घेतली. घ्यायची तीच होती, आईनं नको म्हटलं असतं तरी घेतली असती. मला त्या बोटाला सांगायचं होतं, की हे बघ, माझ्याकडंही आहे.

मी माझं नाव लिहिलं. आयुष्यात इतकं चांगलं अक्षर मी पुन्हा काढलं नाही. कागद आधी मुलाच्या वडलांकडं गेला, मग आत्याबाईंकडं. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी कागद हुंगला आणि म्हणाल्या, "मरव्याचा वास येतुया." मग कागद त्या हाताकडं गेला. तो बराच वेळ तिथं राहिला. शेवटी मुलाच्या वडलांनी तो घडी घालून आपल्या चंचीत ठेवला, पान-सुपारी आणि चुन्याच्या डबीशेजारी, घरच्या बायकांना दाखवायला म्हणून.

ती मंडळी गेली आणि मी आईला सांगून टाकलं, "हेच."

"पाय बगून?" आई म्हणाली.

"बोट बगून."

आई माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि भांडी आवरायला गेली. मी खिडकीपाशी बसले. बाटल्यांतून आता संध्याकाळचा पांढुरका उजेड येत होता. त्या घरातली खिडकी कुठं असेल, पूर्वेला असेल का, दोघांच्या बाटल्या मावतील का, असलंच काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. त्या दिवसांत मी जमिनीवरून चालत नव्हते.

होकाराची वाट बघत असताना स्थळ सुचवणारे पाहुणे आले. ओट्यावर टेकले, पाणी प्यायले, आणि खाली बघत तात्यांना म्हणाले, "काय सांगू तात्या, पोरीनं नाव जांभळं लिवलं हुतं ना? मी बी हुतो तितं. सकाळी आत्याबाईनं कागद उलगडला तर नाव हिरवं झालेलं. हिरवंगार. ती म्हणती ह्यात कायतरी हाय. करणीबिरणी. रातीत नाव रंग बदलतंय, तर पोरगी काय करंल? न्हाय म्हणाया निघाल्यात."

तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "आन् पोरगा?"

"पोरगा कायच बोलत न्हाय. कागद तेवढा आत्याला जाळू दिला न्हाय त्यानं. खिशात घालून हिंडतूय."

मी दाराआड होते. हिरवं म्हणजे खार, पण खार कुठून लागला? मग ती चंची डोळ्यांपुढं आली, आणि चंचीतली चुन्याची डबी. मी तशीच ओट्यावर आले. पाहुण्यांसमोर मुलीनं असं यायचं नसतं, पण आता माझं जायचं काय राहिलं होतं? मी तात्यांची चुन्याची डबी उचलली, त्यांना आत बोलावलं. कागदावर त्याच शाईनं नाव लिहिलं आणि वरून चुन्याचं बोट फिरवलं. अक्षरं हिरवी झाली. मग लिंबू पिळलं. हिरवं गेलं आणि नाव गुलाबी होऊन परत आलं.

तात्या त्या कागदाकडं बघत खाली बसले. "ह्ये तुला कवा कळलं?"

"खेळताना," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. "तात्या, तुमी जा. त्यांना दावा. मला तितंच जायचंय."

मुलीनं बापाला असं तोंडानं सांगायची ती पद्धत नव्हती. तात्यांनी परसातलं एक चांगलं रसदार लिंबू तोडलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, कोपरीच्या खिशात घातलं आणि इंदापूरची एस्टी धरली.

तो दिवस मी नुसता बघून काढला. बाटल्या पुसल्या, परत मांडल्या. ऊन परातीतून जमिनीवर उतरलं आणि दुपारी खिडकीतून निघून गेलं. आईनंही मला काही काम सांगितलं नाही. मध्येच ती म्हणाली, "लिंबू पिकलेलं हुतं न्हवं?" मी मान हलवली.

दिवे लागायच्या आधी तात्या परतले. आले, पाय धुतले, आणि खांबाला टेकून हसायला लागले. त्यांना बोलताच येईना.

"म्या खिशातनं लिंबू काढलं," ते अखेर म्हणाले. "म्हटलं आता चुन्याचं समजावून सांगावं. त्वांड उघडतोय तवर आत्याबाईनं लिंबू माझ्या हातातनं घेतलं. तिला वाटलं, म्या उताराच घिऊन आलोय. पोराकडनं कागद मागून घेतला, त्याच्यावरनं लिंबू उतारलं, इळीवर चिरलं आन् पिळलं की नावावर. नाव झालं गुलाबी. आत्याबाई म्हणाली, 'उतारली दिष्ट. लई मोठी हुती.' समद्यांनी हात जोडलं."

"आन् तुमी?" आईनं विचारलं.

"मग म्या बी जोडलं."

होकार घेऊनच ते आले होते. चुन्याचं त्यांनी त्या घरात पुढं कधीच कुणाला सांगितलं नाही. आत्याबाईंनी मला उरलेल्या आयुष्यात फार जपलं, एवढ्या मोठ्या दृष्टीतून वाचलेली सून म्हणून. लग्नात मुलीचं नाव बदलतात, तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात. माझं बदललं नाही. आत्याबाईच म्हणाल्या, "दिष्ट उतरल्यालं नाव हाय, त्याला हात लावू नगा." म्हणून मी आजही माझ्या माहेरच्या नावानं वावरते, आणि त्याचं श्रेय मी त्या लिंबालाच देते.

सासरी गेल्यावर मी पहिल्या दिवसापासून दौत शोधत होते. तोंडानं विचारायची सोय नव्हती, नव्या नवरीनं दिवसा नवऱ्याशी बोलायचं नसे. घर झाडताना कोनाडे बघितले, फळ्या बघितल्या, देवघर बघितलं. पेन नाही, टाक नाही, कागदाचा चिटोरा नाही. तरी माझी खात्री होती. जेवायला वाढताना बोटावरचा डाग दिसायचा, कधी फिका, कधी ताजा. मी मनात म्हणायची, हा गुपचूप लिहितो.

एके दुपारी शेण काढायला गोठ्यात गेले. बैलांची मला लहानपणापासून भीती, म्हणून भिंतीला चिकटून चालले होते. गोठ्यातल्या कोनाड्यात मला ती बाटली दिसली. बुचापाशी जांभळे ओघळ वाळलेले. छपराच्या फटीतून उन्हाची तिरीप थेट तिच्यावर आली होती आणि भिंतीवर जांभळा डाग हलत होता, आमच्या परातीत हलायचा तसाच. मला इतका आनंद झाला की बैलांकडं पाठ करून मी बाटली उचलली, बूच काढलं आणि डोळे मिटून वास घेतला.

दवाखान्याचा वास आला.

"ते नगं हुंगू," मागून आवाज आला. ते दारात उभे होते. "बैलाच्या खांद्याचं औषध हाय. जू लागून कातडं सोलतं, तितं लावायचं."

"शाई न्हाय?" मी म्हटलं.

"शाई?" ते हसले. "शाळा सुटली तवापासनं म्या हातात पेन धरलं न्हाय. चौथीतनं सुटलो."

एवढे दिवस मनात मांडलेली ती खिडकी, त्या बाटल्या, तो गुपचूप लिहिणारा माणूस, सगळं त्या औषधाच्या वासात गेलं. मी बाटली कोनाड्यात ठेवली आणि कसं कुणास ठाऊक, सगळं बोलून टाकलं. की मी पाय बघितले, मग बोट बघितलं, आणि बोटावरून हो म्हटलं.

त्यांनी हात उजेडात धरला. मग स्वतःच्या बोटाकडं बघून म्हणाले, "म्या बी तुझं तोंड न्हवतं बघितलं. आत्या शेजारी बसलेली, वर कसं बघू? पोहं दिलंस तवा हात दिसला. बोटं जांभळी. म्हटलं, हिच्या बी हाताला औषध लागलंय. जनावराला हात लावणारी पोर हाय. ह्या घराला तशीच पायजे." मग त्यांनी विचारलं, "म्हंजी तुला बैलाचं भ्या वाटतं?"

"लई," मी म्हटलं.

आधी कोण हसलं ते मला आठवत नाही. बैलांनी माना वळवून आमच्याकडं बघितलं.

मी घरात जाऊन पेटीतलं माझं पेन आणलं. पेनात औषध भरायला मन होईना, म्हणून टोपण काढून पेनाचं टोक नुसतं बाटलीत बुडवलं आणि मिठाच्या पुडीचा कागद गुडघ्यावर धरला. औषध सुरेख उतरलं. गर्द, झळझळीत, माझ्या जास्वंदीपेक्षाही देखणं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, पण लिहू नये असं मला कुणी बजावलेलं नव्हतं. मी त्यांचं नाव लिहिलं.

त्यांनी ते एकेका अक्षरावर थांबत वाचलं. मग खिशातून माझ्या नावाचा कागद काढला. चुना, लिंबू आणि घाम लागून त्यावर आता जेमतेम एक गुलाबी सावली राहिली होती. दोन्ही कागद एकात एक घडी घालून त्यांनी परत खिशात ठेवले.

"आता हिकडं ये," ते म्हणाले, आणि माझं बोट औषधात बुडवून त्यांनी माझा हात बैलाच्या खांद्यावर ठेवला. खांदा गरम होता आणि थरथरत होता. मी डोळे गच्च मिटले, पण हात काढला नाही.

संध्याकाळी आत्याबाईंनी माझ्या बोटाकडं बघितलं, पुतण्याच्या बोटाकडं बघितलं आणि "जोडीला दिष्ट लागंल" म्हणत लिंबू आणायला उठल्या.